बोर्डाने तीस टक्के दिले, आता पुढे?

या महिन्याच्या टपालात निम्मी पत्रं एकाच गाऱ्हाण्याची निघाली: अर्ज नामंजूर झाला. कुणाला बोर्डाने, म्हणजे दिव्यांगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाने, दिव्यांग प्रमाणपत्रावर टक्के कमी दिले, कुणाचा निराधारचा पगार, म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचा दरमहाचा पैसा, अडला. त्यातली तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण त्यात जो गुंता आहे तो नागपुरात नि आसपासच्या बऱ्याच घरांत असणार. हे सदर पहिल्यांदाच वाचत असाल तर एवढं सांगते, मी तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. नामंजुरीची पत्रं मी वर्षानुवर्षं स्वतः टाइप केली आहेत, म्हणून अपील कशावर टिकतं नि कशावर पडतं ते टेबलाच्या पलीकडून पाहिलंय. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे अलीकडूनही पाहिलंय.

प्रश्न: ताई, माझा लहान भाऊ २७ वर्षांचा आहे. त्याला सिकलसेल हा रक्ताचा आजार, एस-एस प्रकारचा. आठवीत असताना निघाला. दोन वर्षांपूर्वी उजव्या खुब्याचा गोळा खराब झाला, डॉक्टर म्हणाले हाडाला रक्तच पोचत नाही. इतवारीत कापडाच्या दुकानात कामाला होता, थान उचलणं जमेना म्हणून सुटलं. बाबा नाहीत. आई दोन घरी स्वयंपाक करते, उत्पन्नाचा दाखला ४८ हजारांचा आहे. सायबर कॅफेतून युडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज भरला, बोर्डासमोर गेलो, पाच मिनिटांत झालं. पांढरं कार्ड आलं, ३० टक्के. ते लावून संजय गांधीचा फॉर्म टाकला तर '४० टक्क्यांपेक्षा कमी, अपात्र' म्हणून नामंजूर. तहसीलच्या या नकारावर अपील करायचं का? ओळखीचे एक भाऊ म्हणतात, पंधरा हजार द्या, ४५ टक्के करून देतो. आई गळ्यातलं मोडून द्यायला तयार आहे.
— एक बहीण, पाचपावली

उत्तर: पत्रावरून तू माझ्या मुलीच्या वयाची वाटतेस, म्हणून अगं-तुगं करते. आधी आईला सांग, गळ्यातलं गळ्यातच राहू दे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ९१ वं कलम आहे. लबाडीने दिव्यांगांचा लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कार्डावर नाव तुझ्या भावाचं असणार, त्या ओळखीच्या भाऊंचं नाही. आणि मला राग याचा येतो की जे टक्के तुझ्या भावाला कदाचित हक्काने मिळतील, तेच हा माणूस पंधरा हजाराला विकतोय. असे लोक आमच्या ऑफिसबाहेरच्या चहाच्या टपरीवर रोज बसलेले असायचे. ज्यांचं काम तसंही होणारच असतं त्यांच्याकडून पैसे घ्यायचे, आणि झालं की 'मी केलं' म्हणायचं, हा त्यांचा धंदा.

आता तुझा प्रश्न. तहसीलच्या नकारावर अपील करू नकोस. तुझ्याकडे नकार दोन आहेत, आणि तू ज्याच्याशी भांडायला निघालीस तो बिचारा बरोबर आहे. तहसीलमध्ये बसलेल्या कारकुनाने ३० हा आकडा वाचला आणि ४० हवेत म्हणून फॉर्म परत केला. त्याच्या हातात डॉक्टरकी नाही. तिथे अपील केलंस तरी वरचा साहेब तोच आकडा वाचणार. दुखणं आहे ते बोर्डाच्या कागदात. औषध तिथेच लावायचं.

तो कागद आता समोर घे. कार्ड नको, त्याच्यासोबतचं प्रमाणपत्र घे. दिव्यांगत्वाचा प्रकार कोणता लिहिलाय? माझा अंदाज, तिथे एकच प्रकार असेल, अस्थिव्यंग. कॅफेतल्या पोराने विचारलं असेल, 'काय तकलीफ आहे?' तुम्ही म्हणालात, 'चालता येत नाही.' त्याने अस्थिव्यंगावर टिचकी मारली. मग बोर्डात हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं, त्यांनी खुबा हलवून पाहिला, एक्स-रे पाहिला, ३० लिहिले. पाच मिनिटांत झालं म्हणतेस ते यामुळेच. रक्ताबद्दल कुणी विचारलं नाही, कारण अर्जात रक्त नव्हतंच.

१९९५च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६च्या कायद्याने ते २१ केले आणि त्यात हिमोफिलिया, थॅलेसिमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे तीन आजार आले. आपल्या विदर्भात सिकलसेलची घरं किती आहेत ते तुला सांगायला नको. म्हणजे तुझ्या भावाला कायद्याच्या हिशोबाने दोन वेगवेगळी दिव्यांगत्वं आहेत, आणि मोजलं गेलंय एकच. तुझं अपील या एका वाक्यावर उभं राहील.

दोन मोजली तर बेरीज कशी होते, हे नीट समजून घे, कारण इथे भले भले चुकतात. ३० आणि २० म्हणजे ५० होत नाहीत. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत एक सूत्र आहे. मोठा आकडा नव्वदातून वजा करायचा. जे उरेल त्याला लहान आकड्याने गुणायचं, नव्वदने भागायचं आणि आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचं. तुझ्या भावाचं घे. मोठा आकडा ३०. नव्वदातून गेले, उरले ६०. समजा सिकलसेलचे त्याला १५ मिळाले. साठ पंधरे नऊशे, भागिले नव्वद, दहा. ३० आणि १० झाले ४०. काठावर, पण चाळीस. रक्ताचे १२ च मिळाले तर ३८ वर अडकेल. किती द्यायचे ते डॉक्टर ठरवतील, तुझ्या-माझ्या हातात नाही. पण किती कमी पडताहेत हे माहीत असलं की कुठले कागद जमवायचे ते कळतं.

सिकलसेलची तपासणी एका दिवसाच्या तब्येतीवर होत नाही. क्रायसिस, म्हणजे अचानक उठणाऱ्या जीवघेण्या कळा, किती वेळा आले, किती वेळा भरती केलं, रक्त किती वेळा चढवलं, कुठल्या अवयवाला इजा झाली, हे पाहतात. आणि तेच आपल्या घरी कुठेतरी पिशवीत कोंबलेलं असतं. मागे एक मुलगा माझ्याकडे आला होता, त्याचे कागद साडीच्या दुकानाच्या पिशवीत. डिस्चार्ज कार्डांच्या चार चार घड्या, एकावर हळदीचं बोट, एकाची तारीख घडीवरच फाटलेली. रक्तपेढीच्या पावत्या लाइटच्या बिलांत मिसळलेल्या. आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर सगळं पसरलं आणि तारखेप्रमाणे लावलं, तेव्हा कळलं की तीन वर्षांत नऊ वेळा भरती झालीय. त्याला स्वतःला विचारलं तर म्हणाला होता, 'असेल, चार-पाच वेळा.'

तसंच कर. कोऱ्या कागदावर रेघा मार. तारीख, दवाखाना, किती दिवस भरती, कशासाठी, रक्ताच्या पिशव्या किती. एक भरती, एक ओळ. खाली सगळ्या कार्डांच्या झेरॉक्स त्याच क्रमाने, ओळीचा नंबर झेरॉक्सच्या कोपऱ्यात. बोर्डापुढे त्या दिवशी किती माणसं असतात ते तू पाहिलंयस. डॉक्टर तुझी पिशवी उपसत बसणार नाहीत. एक पान मात्र वाचतील.

त्यासोबत दोन रिपोर्ट हवेतच. पहिला, आठवीत आजार निघाला तेव्हाचा. तो इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पक्क्या रक्ततपासणीचा आहे ना, पाहा. शाळेत बोटातून रक्त घेऊन करतात ती सोल्युबिलिटी चाचणी असेल तर ती पुरत नाही, त्यात एस-एस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेला, आणि वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसून तो पुढच्या पिढीला देऊ शकणारा, यांतला फरक कळत नाही. वाहकाला दिव्यांगत्व मिळत नाही, म्हणून बोर्डासाठी हा फरक फार मोठा आहे. तसा रिपोर्ट नसेल तर सरकारी दवाखान्यात पुन्हा करून घे. दुसरा, खुब्याचा एमआरआय. रक्त न पोचल्याने हाड खराब होतं तेव्हा सुरुवातीच्या टप्प्यात साध्या एक्स-रेत काही दिसत नाही. दोन्ही खुब्यांचा एकदमच काढून घे, कारण सिकलसेलमध्ये दुसराही खुबा बिघडू शकतो.

आणखी एक कागद मागवायचा आहे, तो म्हणजे बोर्डाने भावाला तपासलं तेव्हाचा मूल्यमापनाचा तक्ता. माहिती अधिकाराचा अर्ज टाका. साध्या कागदावर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, त्याच रुग्णालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे. सही भावाची हवी, तुझी नको. दवाखान्याचे कागद खासगी असतात, तू मागितलेस तर 'त्रयस्थ व्यक्तीची माहिती' म्हणून नाकारतील. मागायचं एवढंच: तपासणीच्या नोंदींची प्रत, आणि कोणकोणत्या विषयाच्या तज्ज्ञांनी तपासलं त्यांची पदनामं. 'मला कमी टक्के का दिले' असं विचारू नकोस. माहितीच्या अर्जात 'का' विचारलं की उत्तर न देण्याचं निमित्त मिळतं. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्या तक्त्यात फक्त हाडांच्या डॉक्टरांची सही निघाली, तर तुझा मुद्दा त्यांच्याच कागदाने सिद्ध झाला.

पण त्या तीस दिवसांसाठी अपील अडवून ठेवू नकोस. कायद्याचं ५९ वं कलम सांगतं, प्रमाणपत्र देणाऱ्यांचा निर्णय मान्य नसेल तर राज्य सरकारने नेमलेल्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे मुदतीत अपील करता येतं. अपील कुणाच्या नावे टाकायचं आणि मुदत किती, हे प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी मागून घे. खिडकीवरचा माणूस 'पुढच्या आठवड्यात या, पाहू' म्हणाला तर ते उत्तर नाही. अर्जाच्या दोन प्रती ने, एक त्यांना दे आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख घे. पोच मागायला आपली माणसं लाजतात, साहेबाला राग येईल म्हणतात. मी इतकी वर्षं पोच दिल्या, मला एकदाही राग आला नाही. ज्यांच्याकडे पोच नसायची त्यांचे अर्ज मात्र आमच्या कपाटामागे सापडायचे.

अपिलात काय लिहू, असं तू पुढच्या पत्रात विचारशीलच. भावाच्या नावाने असं काहीसं लिही:

'माझी तपासणी केवळ अस्थिव्यंग या प्रकारासाठी झाली असून ३० टक्के देण्यात आले आहेत. मला सिकलसेल (एस-एस) हा आजार असून तो अधिनियमाच्या अनुसूचीतील स्वतंत्र प्रकार आहे. त्याचे मूल्यमापन झालेले नाही. भरती व रक्त चढवल्याचा तक्ता, एचपीएलसी अहवाल आणि दोन्ही खुब्यांचा एमआरआय सोबत जोडला आहे. दोन्ही प्रकारांचे मूल्यमापन करून एकत्रित टक्केवारी मिळावी, ही विनंती.'

बस. बाबा गेले, आई स्वयंपाक करते, दुकानाने काढलं, हे यात नको. खरं आहे, पण याची जागा तहसीलमध्ये आहे. मी असे अर्ज किती वाचले असतील. पहिलं पान घरच्या हलाखीचं, दुसरं मायबाप सरकारचं, आणि मुद्दा शेवटच्या दोन ओळींत, सहीला खेटून. साहेब पहिलं पान वाचून शेरा मारून मोकळे. मायबाप म्हटल्याने कुणाचा एक टक्का वाढलेला मी पाहिला नाही.

एक अडचण येऊ शकते. ते म्हणतील, तुम्ही अर्जातच सिकलसेल लिहिला नव्हता, मग आमची चूक काय? त्यात तथ्य आहे, हे मान्य करून टाक. अशा वेळी भांडत बसू नकोस, सिकलसेलची नोंद करून पुन्हा मूल्यमापन कसं मागायचं ते त्यांच्याकडूनच लिहून घे आणि तसा अर्ज कर. तसंच प्रमाणपत्र मिळाल्यानंतर खुबा आणखी बिघडला असेल तर तेही अपिलाचं नव्हे, पुनर्मूल्यांकनाचं कारण आहे. अपील म्हणजे त्या दिवशी जे होतं ते तुम्ही मोजलं नाही. पुनर्मूल्यांकन म्हणजे त्यानंतर वाढलं.

पुन्हा बोलावणं आलं की भावाला एक गोष्ट समजावून सांग. आता माझी गोष्ट ऐक. माझ्या आईने लहानपणी शिकवलं होतं, चारचौघांत लंगडायचं नाही. नोकरीला लागताना मी बोर्डासमोर गेले. डॉक्टर म्हणाले, चालून दाखवा. मी पायाला आधार देणारं कॅलिपर काढलं, मांडीवर हात दाबून न धरता, श्वास रोखून पाच पावलं ताठ चालले. शाळेच्या बक्षीस समारंभात चालावं तशी. डॉक्टर म्हणाले, 'अरे वा, छान चालता की!' आणि आकडा लिहिला. बाहेर आल्यावर भिंतीला धरून बसले तेव्हा कळलं की मी स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देऊन आले. वर त्या प्रमाणपत्रावर पायही चुकीचा छापला होता, डाव्याऐवजी उजवा. ती चूक दुरुस्त व्हायला सात महिने लागले. तोवर जिथे जिथे कागद दाखवला तिथे तिथे माणूस आधी माझ्या उजव्या पायाकडे बघायचा, मग डाव्याकडे, मग तोंडाकडे.

सिकलसेलची पोरं तर आणखी कठीण. दुखणं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की डॉक्टरांनी 'कसं आहे?' विचारलं की उत्तर ठरलेलं, 'ठीक आहे.' भावाला सांग, नाटक करायचं नाही आणि लपवायचंही नाही. मांडी घालून बसता येतं का, सिटी बसची पायरी चढता येते का, किती वेळ उभा राहिलं की दुखतं, गेल्या महिन्यात किती रात्री झोप नाही, हे विचारलं तर सांगायचं, आणि विचारलं नाही तरी सांगायचं.

तोवर पगाराचं काही जमतं का, हेही पाहिलं. संजय गांधी निराधार योजनेच्या पात्र यादीत सिकलसेलग्रस्त वेगळे लिहिलेले आहेत. म्हणजे टक्केवारीशिवायही मार्ग आहे. मला वाटलं, झालं काम. मग तुझा ४८ हजारांचा दाखला वाचला. या योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार आहे, आणि दिव्यांगांसाठी ती ५० हजार केलेली आहे. तुमचं घर नेमकं मधे सापडलं. सिकलसेलग्रस्त म्हणून गेलात तर २१ हजारांच्या वर, दिव्यांग म्हणून गेलात तर ४० टक्क्यांच्या खाली. शिवाय दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला अडीच हजार आहेत, इतरांना दीड हजार. म्हणून तो चाळीसचा आकडा तुमच्यासाठी एवढा महत्त्वाचा. आणि कुणी सल्ला दिला की वीस हजारांचा दुसरा दाखला काढा, तर ऐकू नका. आईचा ४८ हजारांचा दाखला तहसीलच्या नोंदीत आहे, तो कॉम्प्युटर विसरत नाही.

पिवळं कार्ड आलं, म्हणजे चाळीस किंवा त्यावर गेले, की संजय गांधीचा नवा फॉर्म टाका. जुन्या नामंजुरीचा नंबर त्यात देऊन ठेवा. महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं, ते भावाच्या शाळेच्या दाखल्यावरून निघेल.

आणि अपीलही फेटाळलं तर? सिव्हिल लाइन्सला न्यायमंदिरात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथे गरजूंना वकील फुकट मिळतो, आणि जो ४८ हजारांचा दाखला तहसीलमध्ये आडवा आला तोच तिथे कामाला येईल. पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही तक्रार करता येते. पण आयुक्त टक्के वाढवून देत नाहीत. अपील घेतलंच नाही, महिनोन्महिने बोलावलंच नाही, कारण लेखी दिलं नाही, अशी तक्रार असेल तर तिकडे लिही.

प्रश्न: नमस्कार. मी हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्यात प्रेस मशीनवर होतो. मशीनखाली उजव्या पायाची पाचही बोटं गेली. बोर्डाने २० टक्के दिले. पाच बोटं जाऊन वीसच? सगळे म्हणतात अपील कर, ४० करून घे. करू का?
— वय ४१, हिंगणा रोड

उत्तर: भाऊ, तुम्हाला वाईट वाटेल, पण अपिलात काही हाती लागेल असं दिसत नाही. पाय कुठून कापला गेला त्यावर टक्के ठरलेले आहेत. पायाची सगळी बोटं गेली तर २०. पावलाचा पुढचा भाग गेला तर ३०. पावलाच्या मध्यापर्यंत गेला तर ४०. म्हणून ऑपरेशनचे कागद आणि आताचा एक्स-रे घेऊन एखाद्या हाडांच्या डॉक्टरांना एवढंच विचारा, कट नेमका कुठे आहे? बोटांच्या मुळाशीच असेल तर बोर्डाने बरोबर दिलं. जखम चिघळली म्हणून नंतर पुन्हा वर कापावं लागलं असेल आणि बोर्डाने पहिलाच कागद पाहिला असेल, तर मात्र अपील करा, आणि लगेच करा.

पण तुम्ही चुकीच्या खिडकीपुढे उभे आहात असं मला वाटतं. अपघात कामावर झाला. पगारातून ईएसआयसीची, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची, कपात होत होती का? पगाराची जुनी पावती काढून पाहा. होत असेल तर कायमस्वरूपी अपंगत्वाचा लाभ तिथून मिळतो, आणि त्याला ४० टक्क्यांची अट नाही. तिथलं वैद्यकीय मंडळ तुमची कमाईची ताकद किती घटली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा पैसे देतं. दिव्यांग बोर्डाचे २० आणि त्यांचा आकडा हे दोन वेगळे हिशोब आहेत, एकाचा कागद दुसरीकडे दाखवून भांडू नका. मालकाने अपघाताची खबर ईएसआयसीला दिली होती का, हे आजच विचारा. दिली नसेल तर भरतीचे कागद, हजेरी आणि त्या पाळीत सोबत असलेल्या दोघांची नावं घेऊन तुम्ही स्वतः शाखा कार्यालयात जा. सोबतचे अजून त्याच कारखान्यात असतील तर नावं द्यायला कचरतील, तेही समजून घ्या.

प्रश्न: माझी आई दोन्ही डोळ्यांनी अंध, शंभर टक्के. निराधारचा पगार सहा वर्षांपासून चालू होता. चार महिने झाले, बंद. तहसीलवाले म्हणतात मंजुरी चालू आहे, बँकेत विचारा. बँकवाले म्हणतात आधार लिंक आहे, तहसीलमध्ये विचारा. अपील कुठे करायचं?
— जरीपटका

उत्तर: कुठेच नाही. तुमच्या आईला कुणी नामंजूर केलेलं नाही, पैसे वाटेत अडकलेत. आता हे पैसे डीबीटीने, थेट आधारवरून खात्यात येतात. त्यात एक गोम आहे. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं, आणि सरकारी पैसे त्याच खात्यात यावेत अशी एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधली पैशांची देवाणघेवाण चालवणाऱ्या संस्थेकडे, नोंद असणं वेगळं. ती नोंद एका वेळी एकाच बँकेची राहते, सगळ्यात शेवटी जिथे केली तिची. बँकवाला 'लिंक आहे' म्हणतो तेव्हा तो पहिल्या गोष्टीबद्दल बोलतो आणि खोटं बोलत नाही. आधारच्या वेबसाइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' असं पाहता येतं, आईच्या मोबाइलवर ओटीपी येईल. तिथे कुठल्या बँकेचं नाव येतं ते बघा.

मधल्या काळात कुणी आईचा अंगठा घेऊन दुसरं खातं उघडून दिलंय का, ते घरात विचारा. कोपऱ्यावरच्या दुकानात दोन मिनिटांत खातं उघडतात तसलं. बहुधा चार महिन्यांचे पैसे तिथेच साचलेले असतील. नसतील आणि सीडिंगही ठीक असेल, तर आईचा यंदाचा हयातीचा दाखला दिलाय का ते तहसीलमध्ये विचारा. तो राहिला तरी पगार थांबतो. आईला तिथे न्यावं लागलं तर सकाळी उघडल्या उघडल्या न्या, दुपारनंतर त्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नसते.